लाखपुरी स्टेशन (मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज): बंद स्टेशनाचा इतिहास लिहायचा तर त्यात काय काय यावं?

पूर्णाकाठ
मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतलेच्या (या नॅरोगेज गाडीचं लोकांतलं नाव) मार्गावरचं लाखपुरी. यवतमाळकडची गाडी आधी थांबली, ही नंतर. आता दोन्हीकडे शुकशुकाट. गावच्या वाचनालयासाठी या स्टेशनाचा चार-पाच पानांचा इतिहास करायचा आहे.

अडचण अशी की नेटवर जे मिळतं ते तेच ते: किलिक निक्सन कंपनी, ब्रिटिशांना आजही जाणारी रॉयल्टी, मँचेस्टरला गेलेला कापूस, १९२१ चं मँचेस्टरचं इंजिन, १५ एप्रिल १९९४ ला आलेलं डिझेल. लाखपुरी खोडून पथ्रोट किंवा बनोसा लिहिलं तरी एक ओळ बदलावी लागणार नाही. मग तो स्टेशनाचा इतिहास कसला?

तीन गोष्टी हव्या आहेत. स्टेशन सुरू कधी झालं, मालकी नेमकी कुणाची, आणि इथे रोजचं काम काय चालायचं. कागद कुठे मिळतील आणि जागेवर काय बघायचं, दोन्ही सांगा.

अर्धवटराव
शकुंतला आहे म्हटल्यावर विसरली जाणारच. फक्त या खेपेला अंगठी माशाच्या पोटात नाही, फाइलीच्या पोटात आहे.

नकाशाखोर
तारखेपासून सुरू करू. या मार्गासाठी लेखांत कुठे १९०३ सापडतं, कुठे १९१६, आणि कंपनीचं साल १९१०. हे सगळं एकाच घटनेचं साल समजून लोक भांडतात. कुठल्याही छोट्या मार्गाला निदान चार तारखा असतात: करार, कंपनीची नोंदणी, मालगाडीसाठी खुला, प्रवाशांसाठी खुला. शिवाय मार्ग टप्प्याटप्प्याने उघडतो, म्हणजे मूर्तिजापूरजवळच्या स्टेशनाची तारीख अचलपूरपेक्षा आधीची असू शकते. तुम्हाला हवी ती चौथी तारीख, आणि तीही आपल्या टप्प्याची. रेल्वे बोर्ड पूर्वी बांधलेल्या मार्गांची यादी छापायचं, त्यात टप्पा, मैल आणि उघडल्याचा दिवस असे रकाने असतात. ती यादी मिळेपर्यंत साल छापू नका.

नकाशे: सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांत लाखपुरी, मूर्तिजापूर, दर्यापूर, कारंजा आणि दारव्हा हे सगळं ५५ एच या एका अंशाच्या पत्रकात येतं. अंजनगाव आणि अचलपूर ५५ जी मध्ये, यवतमाळ ५५ एल मध्ये. एका अंशात १:५०,००० ची सोळा पत्रकं असतात, प्रत्येक १५ मिनिटं गुणिले १५ मिनिटं. सर्व्हेच्या पोर्टलवर मिळणाऱ्या नव्या पत्रकांचे क्रमांक निराळे आहेत. तिथे मूर्तिजापूरची बाजू एफ४३ ने सुरू होते आणि यवतमाळ ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे असल्याने एफ४४ मध्ये जातं. जुना क्रमांक टाकून शोधलात तर काहीच मिळणार नाही आणि नकाशाच नाही असं वाटेल.

एकाच जागेची वेगवेगळ्या काळातली पत्रकं शेजारी ठेवा. स्टेशनाचं चिन्ह कधी आलं, नाव कसं लिहिलंय, गावापासून स्टेशनापर्यंत गाडीवाट होती की पक्का रस्ता, हे सगळं त्यातून निघतं. पण नकाशावर छापलेलं साल आणि पाहणीचं साल यात बरंच अंतर असू शकतं, म्हणून कोपऱ्यातली पाहणीची ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सरकीपेंड
मँचेस्टरचा मुद्दा खोडायलाच हवा. लँकेशायरने हिंदुस्थानी कापसावर झडप घातली ती अमेरिकन यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मुख्य लाइन वऱ्हाड ओलांडून नागपुरात पोचली १८६७ ला, आणि खामगावचा फाटा लॉर्ड मेयोने उघडला १८७० ला. तोवर तेजी ओसरली होती. शकुंतला तर त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आली. तेव्हा आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसाची मोठी गिऱ्हाइकं होती मुंबईच्या गिरण्या, जपान आणि युरोप खंडातल्या गिरण्या. लँकेशायरला लांब धागा लागायचा, त्यांची यंत्रंच तशी होती.

इंजिन मँचेस्टरचं म्हणून कापूस मँचेस्टरला, एवढाच त्या गोष्टीचा पाया दिसतो. वाचायला छान वाटतं, म्हणून चालू आहे.

स्टेशनाच्या इतिहासात याऐवजी हे लिहा: माल कुठल्या रूपात चढायचा? खेड्यातून बैलगाडीने येतो तो कपास, सरकीसकट. जिनात सरकी वेगळी होऊन रुई होते, प्रेसमध्ये तिची गठाण बांधली जाते, जुन्या हिशेबात ३९२ पौंडांची आणि आता १७० किलोची. जिन-प्रेस ज्या गावात असेल तिथे गठाणी चढतात. जिथे नसेल तिथे सुटा कपास चढतो, म्हणजे डबा भरला तरी वजन भरत नाही आणि भाडं अंगावर येतं. अशा गावातला शेतकरी सरळ गाडी जुंपून जिनाच्या गावाला जातो. लाखपुरीचा बहुतेक कपास मूर्तिजापूरकडे बैलगाडीने जायचा की रेल्वेने, हा खरा प्रश्न. परिसरात जिन कधी होतं का, ते आधी शोधा.

पूर्णाकाठ
@सरकीपेंड, हा धागा डोक्यातच नव्हता. म्हणजे स्टेशन असूनही माल रेल्वेने गेलाच असं नाही.

सरकीपेंड
बरोबर. आणि मूर्तिजापूरला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बदलतं हे विसरू नका. ७६२ मिमीचा डबा ब्रॉडगेजवर जात नाही, म्हणून प्रत्येक गठाण हमालांनी एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायची. दुप्पट हमाली, आकड्यांनी गोणपाट फाटतं, पावसात रुई भिजते, मोठा डबा वेळेवर लागला नाही तर माल धक्क्यावर पडून. रेल्वे डबा अडवून ठेवल्याचं डेमरेज लावते आणि माल आवारात पडून राहिला की वारफेज, दोन्ही व्यापाऱ्याच्या खिशातून. ट्रक आला तो थेट जिनाच्या दारात लागला आणि थेट गिरणीत उतरला. हुंडेकऱ्यांनी (माल पोचवायचा मक्ता घेणाऱ्यांनी) रेल्वे सोडली त्याचं कारण भाडं नव्हतं, ही मधली उचलाठेव होती.

कुर्डुवाडी लोकल
मालकीबद्दल. 'स्वातंत्र्यानंतर सरकार ही रेल्वे ताब्यात घ्यायला विसरलं' हे सर्रास लिहिलं जातं. विसरलं वगैरे काही नाही. मार्ग सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा, व्यवस्थापन एजन्सी किलिक निक्सन, गाड्या चालवणार जीआयपी. मालक एक आणि चालवणारा दुसरा. जीआयपीचा कारभार सरकारने १९२५ लाच हातात घेतला होता, ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली तेव्हा चालवण्याचं काम तिच्याकडे आलं. मालकीचा करार होता तसाच राहिला.

आमच्या बार्शी लाइट या नॅरोगेजचं उलट. कंपनी १८९५ ला लंडनमध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपने काढली, मार्ग १८९७ ला सुरू झाला, आणि कंपनी स्वतःच गाड्या चालवायची. सरकारने १ जानेवारी १९५४ ला विकत घेतली, विषय संपला. मिरज ते लातूर ३२५ किलोमीटर, आता सगळी ब्रॉडगेज.

आणि 'ब्रिटिशांना रॉयल्टी' म्हणजे लंडनच्या खजिन्यात पैसे जात नव्हते. किलिक निक्सन ही मुंबईतली पेढी, १८५७ पासूनची, पुढे भारतीयांच्या हातात आलेली. रक्कम कराराप्रमाणे कंपनीला जायची. ती योग्य होती की नाही यावर हवं तेवढं भांडा, पण राणीला मनीऑर्डर जात नव्हती.

अर्धवटराव
पूर्ण अर्धा निबंध बाद झाला की राजेहो. शाळेतल्या पोरांनी आता काय लिवावं?

खातेवही
@कुर्डुवाडी लोकल यांच्या मुद्द्याला पुढचा अर्धा भाग. खासगी कंपनी असा आडबाजूचा मार्ग बांधायला तयार का झाली? शाखा मार्गांसाठी सरकारने सवलती ठेवल्या होत्या. त्यातली मुख्य म्हणजे रिबेट. शाखेने आणलेला माल मुख्य लाइनवर पुढे जातो, त्यातून मुख्य लाइन कमावते. त्या कमाईचा वाटा शाखेच्या कंपनीला द्यायचा, म्हणजे भागधारकांना ठरलेल्या टक्क्यांपर्यंत परतावा मिळतो. शाखा एकटी तोट्यात दिसली तरी कंपनी नफ्यात असू शकते.

म्हणून लाखपुरीचा मासिक तिकीट-गल्ला सापडला तर त्यावरून 'स्टेशन तोट्यात होतं' असा निष्कर्ष काढू नका. इथे चढलेली वस्तू मूर्तिजापूरच्या पुढे मुंबईपर्यंत गेली तर तिची मोठी कमाई मुख्य लाइनच्या खात्यात दिसते, तुमच्या स्टेशनाच्या नाही.

हिरवी_बत्ती
नॅरोगेजच का, ते कुणीच लिहिलं नाही. वऱ्हाडात तर सपाट जमीन, घाट नाहीत.

मुकादम
स्वस्त म्हणून. भराव अरुंद, बारा फुटांच्या आसपास. पूल हलके, रूळ हलके, स्लीपर १५०० मिमी लांब, ब्रॉडगेजला २७५०. घाटाचा संबंध नाही.

पण सपाट जमीन म्हणजे सोपी जमीन नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती आहे, रुळाखाली तिच्यापेक्षा वाईट काही नाही. उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात, पावसात फुगते. खडी हळूहळू मातीत दबते, तिथे खळगा होतो, खळग्यात पाणी साचतं, माती आणखी मऊ होते आणि पुढची खडीही गिळते. वरून खडी टाकत राहिलं की खळगा फक्त खोल होत जातो. वरची दोनेक फूट माती काढून मुरूम भरायचा आणि बाजूचे नाले उघडे ठेवायचे, हाच उपाय. हलक्या शाखेवर तो खर्च कोणी करत नाही. सांध्यापाशी रूळ खचतो, डबा डोलतो, मग वेगमर्यादा येते. २० किलोमीटरच्या वेगाने मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर म्हणजे न थांबता पावणेसहा तास. एसटी त्याच्या अर्ध्याहून कमी वेळात पोचते.

हिरवी_बत्ती
मातीला दोष देणं सोपं आहे. त्याच मातीवरून हावडा-मुंबई मेल धावतात. देखभालीला पैसे दिले नाहीत हे कारण, माती नव्हे.

मुकादम
दोन्ही एकच वाक्य आहे. मुख्य लाइनवर खडी भरपूर, नाले साफ, यंत्राने टँपिंग (रुळाखालची खडी ठोकून घट्ट करणं), देखभालीची गँग भरलेली. तीच माती, वेगळा खर्च. शाखेवर मालक म्हणतो देखभाल चालवणाऱ्याची, चालवणारा म्हणतो मालमत्ता मालकाची. दुसऱ्याच्या घराला कोणी रंग देत नाही.

सांधेवाला
आता रोजचं काम. स्टेशन कुठल्या वर्गाचं होतं ते पहिल्यांदा ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून.

ए, बी, सी हे ब्लॉक स्टेशनांचे वर्ग. तिथला मास्तर शेजारच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची परवानगी, घेतो आणि गाडी सोडतो. डी वर्ग म्हणजे फ्लॅग स्टेशन: गाडी थांबते, तिकीट मिळतं, पण गाडी सोडण्याचा अधिकार तिथे नसतो. त्याखाली हॉल्ट, जिथे रेल्वेचा माणूसही नसतो, कमिशनवरचा एजंट तिकिटं विकतो. एकाच जागेचा वर्ग काळानुसार बदलतो. वाहतूक घटली की बी चं डी होतं, डी चा हॉल्ट होतो. छोट्या स्टेशनाचा खरा इतिहास बहुतेकदा या उतरणीचा असतो.

गाड्यांची क्रॉसिंग होत असतील तर लूप (मुख्य रुळाला दोन्ही टोकांनी जोडलेला बाजूचा रूळ) हवी आणि टोकन यंत्र हवं. नीलच्या यंत्रातून धातूचा गोळा निघतो, त्यावर दोन स्टेशनांची नावं कोरलेली. दोन्ही टोकांची यंत्रं तारेने जोडलेली, एक गोळा बाहेर असला की दुसरा निघतच नाही. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, कडं ड्रायव्हरच्या हातात. गोळा हातात नाही तर गाडी हलत नाही.

पण उत्तरकाळात दिवसाला एकच गाडी जाऊन परत येत असेल तर हा सगळा पसारा लागतच नाही. 'वन ट्रेन ओन्ली' पद्धतीत अख्ख्या फाट्याला परवानगीची एकच काठी, ती ड्रायव्हरकडे. दुसरी गाडी आत यायचीच नाही, म्हणून मधल्या स्टेशनांना सिग्नल नको, यंत्र नको, मास्तरही नको. शकुंतलेवर शेवटी गाडीबरोबरची पाच-सात माणसंच तिकीट देण्यापासून इंजिन सोडण्यापर्यंत सगळं करायची ती त्यामुळे. लोक त्याला गंमत म्हणून सांगतात, पण ती नियमात बसणारी काटकसर होती.

गाडी मध्येच फेल झाली की खरा पेच. काठी गाडीत, आणि मदतीचं इंजिन काठीशिवाय आत येऊ शकत नाही. मग काठी किंवा लेखी निरोप घेऊन माणूस पाठवायचा, आणि इंजिन चालू झालं तरी मदत येईपर्यंत गाडी जागेवरून हलवायची नाही. हलवली तर समोरून येणाऱ्या मदतीच्याच इंजिनावर आदळण्याची भीती.

पूर्णाकाठ
लूप होती की नव्हती हे रूळ नसताना कसं ओळखायचं?

सांधेवाला
भराव दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये रुंद झालेला दिसतो का बघा. दोन रुळांच्या मध्ये, ते जिथे एकमेकांजवळ येतात तिथे, फाउलिंग मार्क असतो: जमिनीत पुरलेला आडवा दगड किंवा ठोकळा, पूर्वी पांढरा रंगवलेला. दोन्ही टोकांचे सापडले तर मधलं अंतर टेपने मोजा. तेवढी गाडी लूपमध्ये मावायची. सांध्याजवळ, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, तो बदलायच्या हातमुठीचा पाया राहतो, चौकोनी दगडी किंवा काँक्रीट, त्यावर बोल्टची भोकं. फाउलिंग मार्क फक्त एकाच टोकाला असेल तर ती लूप नाही, मालधक्क्याची साइडिंग आहे. तिच्या आंधळ्या टोकाला डबा अडवणारा मातीचा किंवा स्लीपरांचा बफर असतो.

दिव्याची खोली मुख्य इमारतीपासून फटकून असते, आत रॉकेल असायचं म्हणून. तिला लोक हमखास संडास समजतात.

अर्धवटराव
आणि नंतर तसाच वापरतात.

मुकादम
गेज तपासायचं तर रूळ असेल तिथे आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत ७६२ मिमी यायला हवं. रूळ नसेल आणि लाकडी स्लीपर शिल्लक असेल तर खिळ्यांची भोकं मोजा. पण आतल्या दोन भोकांतलं अंतर ७६२ येणार नाही, सव्वासातशेच्या आसपास येईल. रुळाचा पाया माथ्यापेक्षा रुंद असतो, दोन्हीकडे आत पाऊण इंच सरकतो, आणि खिळा पायाच्या कडेला मारलेला असतो. हे लक्षात न घेता '७२५ मिमीचं विशेष गेज' असा शोध लावणारे असतात.

रुळाच्या पोटावर उठावदार अक्षरं असतात: कारखाना, छेदाचं वजन, महिना आणि साल. गंज असेल तर खडू आडवा धरून हलका घासा, अक्षरांच्या माथ्यावर पांढरं उमटतं. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढा, भर दुपारी काही दिसत नाही. ३० पौंडी रूळ म्हणजे यार्डाला ३० पौंड, मीटरला सुमारे १५ किलो, फुटाला साडेचार. ५० पौंडी म्हणजे मीटरला पावणेपंचवीस. पण रुळावरचं साल म्हणजे मार्गाचं साल नव्हे. शाखांवर दुसरीकडून काढलेले रूळ टाकायची पद्धत सगळीकडे होती. मार्गापेक्षा जुना रूळ सापडला तरी हुरळून जाऊ नका.

सातबारा
आणि तुकडा घरी नेऊ नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा १९६६ चा आहे, बंद मार्गावरची रूळ आवळायची लोखंडी किल्लीसुद्धा त्यात येते. 'आठवण म्हणून उचलली' हे उत्तर चालत नाही. फोटो, माप, जागेची नोंद, बस.

खारपाणी
एक गोष्ट कोणी काढली नाही: पाणी. लाखपुरी, मूर्तिजापूर, दर्यापूर हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी प्यायला नको आणि बॉयलरलाही नको. क्षारांचं पाणी उकळलं की फेसाळतं, फेस वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. शिवाय नळ्यांवर खपली धरते, उष्णता पाण्यात पोचत नाही, कोळसा जास्त लागतो आणि नळ्या जळतात. बॉयलर वारंवार रिकामा करून धुवायचा एवढाच इलाज.

म्हणून वाफेच्या काळात इंजिन पाणी कुठे घ्यायचं हे अंतरावर ठरायचं नाही, गोड पाण्यावर ठरायचं. तुमच्याकडे पूर्णा नदी जवळ. पाण्याच्या टाकीचा चौथरा, नदीकडून येणारी बिडाची नळवाट किंवा पंपघराचा पाया आहे का ते बघा. असेल तर स्टेशन तिथे का होतं याचं अर्धं उत्तर मिळालं. नसेल तर पाणी मूर्तिजापूरला भरून घ्यायचे. टाकीचे पत्रे चार फूट चौकोनी, कडेला बोल्ट मारून जोडलेले असतात. पत्रे विकले गेले तरी चौथऱ्याचे खांब राहतात.

कुर्डुवाडी लोकल
हे भारी. बार्शी लाइटचं सगळं डोकं अॅक्सलच्या वजनात होतं, प्रत्येक अॅक्सलवर पाच टनांची मर्यादा, इंजिनापासून वाघिणीपर्यंत. त्यामुळे ३० पौंडी रुळावर आठ चाकं जोडलेलं इंजिन चाललं. पंढरीच्या वारीला तर मालडब्यांतही माणसं. पण पाण्याचा असा त्रास आमच्याकडच्या चर्चेत येत नाही.

मिरजेची_मिसळ
विषय कुर्डुवाडीला पोचलाच का? कुठलाही नॅरोगेजचा धागा तिसाव्या प्रतिसादाच्या आत कुर्डुवाडीला जातो.

कुर्डुवाडी लोकल
जंक्शन आहे, जाणारच.

तिकीटबाबू
कुणाच्या घरी जुनं पुठ्ठ्याचं तिकीट असेल तर तो तुमच्याकडचा सगळ्यात पक्का पुरावा. एडमंडसन तिकीट, साधारण ५७ गुणिले ३० मिमी. तारीख यंत्रात दाबून उमटवलेली असते, पुसट झाली तरी मागून तिरप्या उजेडात खड्डे दिसतात.

तारीख नसली तरी काळ ठरवता येतो. भाडं आण्यात असेल तर १९५७ च्या आधीचं. तिसरा वर्ग लिहिला असेल तर १९७४ च्या आधीचं. 'एलिचपूर', 'येवतमाळ' अशी जुनी इंग्रजी वळणाची नावं असतील तर आणखी मागे जा, पण यात घाई नको, जुना छापील साठा संपेपर्यंत तोच वापरला जायचा.

क्रमांकही बोलतो. प्रत्येक ठिकाणासाठी तिकिटांची वेगळी गड्डी, खालचा क्रमांक आधी विकायचा. दिवस संपताना मास्तर शेवटचा क्रमांक वहीत चढवतो, कालच्याशी वजाबाकी केली की आजची विक्री. एकाच मार्गाची, तारखेसह दोन तिकिटं मिळाली तर मधल्या काळात त्या ठिकाणासाठी किती तिकिटं गेली ते आपोआप कळतं, फक्त मध्ये नवी गड्डी सुरू झालेली नसावी. क्वचित मागितल्या जाणाऱ्या ठिकाणांसाठी छापील तिकीट नसायचं, कार्बन घालून हाताने लिहिलेलं कागदी तिकीट मिळायचं. म्हणजे लाखपुरी-मूर्तिजापूर पुठ्ठ्याचं आणि लाखपुरी-मुंबई कागदी असेल तर लोक कुठे जात होते हे निराळं सांगायला नको.

गल्ला चामड्याच्या पिशवीत शिवून, लाख लावून, गार्डच्या डब्यातल्या तिजोरीत टाकायचे. तिजोरीला पिशवी आत जाते पण बाहेर येत नाही असं तोंड असतं.

सातबारा
कागद. तीन दारं आहेत.

पहिलं, तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय. गाव नकाशात रेल्वेची पट्टी दिसते, स्टेशनापाशी ती फुगते. फुगवटा म्हणजे आवार. कुठल्या गटातून किती जमीन गेली ते आकारबंद (गटांच्या क्षेत्राची आणि आकारणीची नोंद) आणि मोजणीच्या जुन्या टिपणांवरून निघतं. संपादनाचे निवाडे जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात. स्टेशन अकोला जिल्ह्यात आणि पुढचं बनोसा-दर्यापूर अमरावतीत, तेव्हा पुढचे कागद अकोल्यात शोधत बसू नका. वऱ्हाड त्या काळी मध्य प्रांताला जोडलेला, म्हणून प्रांताच्या पातळीवरचा पत्रव्यवहार मुंबईत नाही, नागपूरच्या पुराभिलेखात बघा.

दुसरं, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका. गावांच्या यादीत दळणवळणाच्या रकान्यात रेल्वे स्टेशन आहे की नाही ते असतं. फुकट मिळतात, कोणी उघडत नाही.

तिसरं, माहिती अधिकार. भुसावळ विभागाच्या लोक माहिती अधिकाऱ्याकडे, फी १० रुपये, ऑनलाइनही होतं, तिथे मजकुराला ३००० अक्षरांची मर्यादा. 'स्टेशन का बंद केलं' असं विचारू नका, 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागदाचं नाव घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. वीस वर्षांहून जुन्या घटनेचे कागद असतील तर बहुतेक अपवाद लागू होत नाहीत, कलम ८(३). आणि 'नोंद उपलब्ध नाही' आलं तर अभिलेख पाहणीची मागणी करा, पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये.

सांधेवाला
कागदाचं नाव मी सांगतो: वर्किंग टाइमटेबल. प्रवाशांचं नव्हे, कर्मचाऱ्यांचं. त्यात स्टेशनाचा वर्ग, किलोमीटर, लूपची लांबी, पाणी घेण्याची ठिकाणं, वेगमर्यादा सगळं एका जागी असतं. वेगवेगळ्या दशकांतले तीन अंक मिळाले तर लाखपुरी केव्हा घसरलं ते रकान्यात दिसेल.

हिरवी_बत्ती
एक शंका. 'बंद स्टेशन' म्हणायचं का? गाडी स्थगित आहे, मार्ग रद्द झाल्याचा आदेश मला तरी कुठे दिसलेला नाही. ब्रॉडगेज करण्याच्या घोषणाही झाल्या आहेत.

खातेवही
रास्त. गाडी थांबवणं, स्टेशन व्यापारी कामासाठी बंद करणं आणि मार्ग सोडून देणं हे तीन वेगळे आदेश. दारव्हा-पुसद फाटा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उखडून नेला, तो खरा संपलेला मार्ग. तुमचा अजून अधांतरी आहे. शीर्षकात 'गाडी थांबलेलं स्टेशन' लिहा.

नकाशाखोर
ब्रॉडगेज झालं तरी जुन्याच जागी स्टेशन येईल असं नाही. ब्रॉडगेजला लांब फलाट आणि सौम्य वळणं लागतात, आखणी सरकते. वर्ध्याहून कळंबपर्यंतची नवी लाइन फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पुढे ती यवतमाळला जाणार, पण ती वेगळीच आखणी आहे, शकुंतलेचा भराव नव्हे. म्हणून जे मोजायचं ते आत्ता मोजा. जेसीबी फाउलिंग मार्क विचारत नाही.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे आभार. आराखडा असा करतोय: जमीन आणि आखणी, पाणी, स्टेशनाचा वर्ग आणि त्याची उतरण, माल कुणी चढवला किंवा का चढवला नाही, तिकिटं. मालकीवर एक परिच्छेद. सालाची जागा तूर्त कोरी. माहिती अधिकारात मागणी अशी लिहिली आहे: 'मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज विभागाचा समावेश असलेल्या वर्किंग टाइमटेबलच्या उपलब्ध सर्व जुन्या अंकांतील संबंधित पृष्ठांच्या प्रती, आणि लाखपुरी स्टेशनाचा वर्ग बदलल्याच्या आदेशांच्या प्रती.' चालेल?

सातबारा
'उपलब्ध सर्व' काढा, 'माहिती मोठ्या प्रमाणात विखुरलेली' म्हणून परत येईल. '१९५१ ते १९९४ दरम्यानच्या कोणत्याही तीन अंकांतील' लिहा. पानाला दोन रुपये, खिशालाही परवडेल.

अर्धवटराव
आणि उत्तर यायला शकुंतलेपेक्षा कमी वेळ लागला तर इथे कळवा.